याझू का थांबलं? बेसिल्डनच्या दोघांच्या अठरा महिन्यांचा अभ्यास

जुलै १९८३ मध्ये 'यू अँड मी बोथ' हा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचला आणि तिथे दोन आठवडे राहिला. तो काढणारा बँड मात्र तोवर संपला होता. याझूचे दोघे, व्हिन्स क्लार्क आणि अ‍ॅलिसन मोये, वेगळे होत असल्याची बातमी अल्बम दुकानात येण्याआधीच, मे महिन्यात, जाहीर झाली होती. त्याच सुमारास 'नोबडीज डायरी' हे त्यांचं नवं गाणं चार्टवर तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढत होतं. पहिला अल्बम दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलेला, दुसरा पहिल्या, चारपैकी तीन सिंगल (म्हणजे सुटी काढलेली गाणी) पहिल्या तिनात. कुठल्याही हिशेबानं हा थांबायचा क्षण नव्हता.

बँड फुटल्याच्या गोष्टी बहुतेक वेळा तीन साच्यांत बसतात. पैशावरून भांडण होतं, व्यसन आड येतं किंवा लोक ऐकायचे थांबतात. याझूच्या बाबतीत यातलं एकही कारण पटत नाही. म्हणूनच हे प्रकरण नीट उलगडून बघावंसं वाटतं. माझं मत आधीच सांगतो. या दोघांना एकमेकांची ओळख होण्याआधी यश मिळालं, आणि मग ओळख करून घ्यायला वेळच उरला नाही.

गाव एकच, वाटा दोन

बेसिल्डन हे एसेक्स परगण्यातलं शहर. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व लंडनमधली गर्दी हलवण्यासाठी सरकारनं १९४९ साली ते नव्यानं वसवायला घेतलं. नव्या घरांच्या रांगा, आसपासचे कारखाने आणि लंडनला जाणारी रेल्वे असं ते गाव. व्हिन्स क्लार्क (जन्म १९६०) आणि अ‍ॅलिसन मोये (जन्म १९६१) दोघंही इथेच वाढले. मोयेचे वडील फ्रेंच, आई इंग्रज. शाळेत तिच्या वर्गात मार्टिन गोर आणि अँडी फ्लेचर होते, म्हणजे पुढे क्लार्कबरोबर डिपेश मोड या सिंथेसायझर वाजवणाऱ्या बँडमध्ये आलेले दोघे. गाव एवढं लहान की क्लार्क आणि मोये एकमेकांना चेहऱ्यानं ओळखत होते. त्यापलीकडे ओळख नव्हती.

संगीतातल्या वाटा तर पूर्ण वेगळ्या. मोये आधी पंक बँडमध्ये गायली, मग पबमध्ये ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं जुनं संगीत, गाणाऱ्या मंडळींत रमली. तिच्या डोक्यात घामानं भिजलेली गिटार आणि हार्मोनिका होती. क्लार्क डिपेश मोडचा मुख्य गीतकार. १९८१ साली त्यानं लिहिलेलं 'जस्ट कान्ट गेट इनफ' आठव्या क्रमांकावर गेलं, पाठोपाठ 'स्पीक अँड स्पेल' अल्बम दहाव्यावर. त्यातल्या अकरापैकी नऊ गाणी त्याची होती. आणि वर्ष संपता संपता त्यानं बँड सोडला. मुलाखती, फोटो, दौरे हे सगळं त्याला नकोसं झालं होतं. त्याला खोलीत बसून यंत्रांवर गाणी रचायची होती. वय होतं एकवीस.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचा सगळा भाग तिच्यावर उभा आहे. क्लार्कनं बँड सोडला, पण ज्या कारणासाठी सोडला त्याच्यावर उपाय काही केला नाही. थोडं थांबून, दम खाऊन पुढे काय करायचं ते ठरवावं, असं झालंच नाही.

एक जाहिरात

मोयेनं 'मेलडी मेकर' या संगीत साप्ताहिकात जाहिरात दिली होती. तिला ब्लूज वाजवणारे लोक हवे होते. फोन आला तो क्लार्कचा. त्याच्याकडे 'ओन्ली यू' नावाचं गाणं तयार होतं आणि म्यूट या रेकॉर्ड कंपनीला ऐकवण्यासाठी ते कोणाकडून तरी गाऊन घ्यायचं होतं. डिपेश मोड सोडल्यावरही आपण गाणी लिहू शकतो, हे त्याला म्यूटच्या डॅनियल मिलरला दाखवायचं होतं. मोयेला स्वतःच्या आवाजाची एक बरी टेप हवी होती, म्हणजे पुढे कुठल्यातरी ब्लूज बँडला ती ऐकवता आली असती. दोघांची गरज एका टेपपुरती होती. बँड काढायचा विचार त्या दिवशी दोघांपैकी कोणाच्याही मनात नव्हता.

मिलरनं आधी फारसा उत्साह दाखवला नाही. गाण्यांच्या हक्कांचं काम बघणाऱ्या प्रकाशन कंपनीच्या लोकांना मात्र गाणं आवडलं, आणि मग चक्रं फिरली. मार्च १९८२ मध्ये 'ओन्ली यू' बाजारात आलं आणि मे महिन्यात दुसऱ्या क्रमांकावर पोहोचलं. क्लार्कनं डिपेश मोड सोडल्याला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते.

बँडचं नाव मोयेच्या आवडीतून आलं. जुन्या अमेरिकन ब्लूजच्या रेकॉर्डी नव्यानं काढणारी याझू नावाची एक छोटी कंपनी होती, तिच्यावरून. अमेरिकेत या नावावरून कायदेशीर अडचण आली आणि तिथे बँडला 'याझ' असं अर्धवट नाव घ्यावं लागलं. अमेरिकेतले चाहते आजही त्यांना याझच म्हणतात.

यंत्र काय करत होतं, आवाज काय करत होता

हा भाग मला सगळ्यांत जवळचा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

क्लार्ककडे सिक्वेन्शियल सर्किट्स कंपनीचा प्रो-वन हा सिंथेसायझर होता. त्यावर एका वेळी एकच सूर वाजतो. तीन-चार सुरांचा एकत्र गुच्छ दाबावा म्हटलं तरी येत नाही. जोडीला रोलँडचा एमसी-४ हा सिक्वेन्सर. त्याला पट्ट्याच नाहीत, कॅल्क्युलेटरसारखी आकड्यांची बटणं आहेत. कुठला सूर, किती वेळ वाजणार, पुढचा सूर किती वेळानं येणार, हे सगळं आकड्यांत भरायचं आणि मग यंत्र ते सिंथेसायझरकडून वाजवून घेतं. एका वेळी चार ओळी. एक चूक झाली की पुन्हा सगळे आकडे तपासत बसायचं.

या अडचणीतून क्लार्कची शैली घडली, असं त्याची गाणी ऐकताना वाटतं. गिटार किंवा पियानोवर गाणं करणारा माणूस एका हातानं स्वरगुच्छ धरून ठेवतो आणि त्यावर चाल सोडतो. क्लार्कच्या गाण्यात धरून ठेवलेलं फारसं काही नसतं. एकेका सुराच्या तीन-चार बारीक ओळी एकमेकींच्या फटींतून धावत असतात आणि त्या सगळ्या मिळून स्वरगुच्छाचा भास तयार करतात. 'ओन्ली यू' सुरू होतं ते अशाच एका खुडल्यासारख्या ओळीनं. ढोलताशा नाही, भरावाचा आवाज नाही. गाण्यात जागाच जागा आहे.

त्या जागेत मोयेचा आवाज येतो. खालच्या पट्टीतला, जाड, थोडा खरखरीत. आणि मुख्य म्हणजे ती ठेक्याला चिकटून गात नाही. यंत्र एका हजारांशानंही हलत नाही, मोये मात्र शब्द किंचित मागे ओढते, कधी आधीच टाकते, शेवटचं अक्षर सोडून देते. ब्लूज गाणारे हे करतातच, पण त्यांच्या मागे वाजवणारी माणसं असतात आणि ती गायकाबरोबर थोडी सरकतात. इथे मागचं काहीच सरकत नाही. त्यामुळे मोयेनं घेतलेली प्रत्येक सूट कानाला ठळक जाणवते. माझ्या मते 'ओन्ली यू'मधली व्याकुळता शब्दांपेक्षा या ओढाताणीत आहे.

त्या काळाच्या ब्रिटिश सिंथेसायझर संगीतात हे फार वेगळं होतं. गॅरी न्यूमन, ह्यूमन लीग ही मंडळी यंत्राशेजारी यंत्रासारखंच गात असत, आणि ते त्यांनी जाणून केलं होतं. सॉफ्ट सेलचा मार्क आल्मंड भावनेनं गात होता, पण त्याचा ढंग नाटकी. मोये गात होती ती जणू खोलीत सिंथेसायझर आहे हे तिला ठाऊकच नाही अशी. युरिदमिक्सची अ‍ॅनी लेनॉक्स त्याच जातीच्या आवाजानं जगभर पोहोचली, पण ते १९८३ मध्ये.

या वेगळेपणाची एक परीक्षा पुढे आपोआप झाली. १९८३ च्या नाताळात फ्लाइंग पिकेट्स या गटानं 'ओन्ली यू' एकही वाद्य न घेता, निव्वळ तोंडानं गायलं आणि ते ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. मूळ गाणं दुसऱ्यावरच अडलं होतं. सिंथेसायझरचं म्हणून ओळखलं जाणारं गाणं सहा माणसं गळ्यानं गाऊ शकली, कारण त्यातली प्रत्येक ओळ एकेका सुराची, म्हणजे मुळातच गाता येईल अशी होती.

पहाटेचा अल्बम

ध्वनिमुद्रण दक्षिण लंडनमधल्या ब्लॅकविंग स्टुडिओत झालं. युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात नुकसान झालेल्या आणि पुढे उपासना बंद झालेल्या एका चर्चमध्ये हा स्टुडिओ होता. तो चालवणारा एरिक रॅडक्लिफ, आणि त्याच्याच नावावरून अल्बमला 'अपस्टेअर्स अ‍ॅट एरिक्स' हे नाव मिळालं. दिवसा तिथे म्यूटचाच कलाकार फॅड गॅजेट काम करत असे, म्हणून याझूला पहाटेची वेळ मिळाली.

अल्बम ऑगस्ट १९८२ मध्ये आला. अकरापैकी सात गाणी क्लार्कची, चार मोयेची. 'डोन्ट गो' आधीच सिंगल म्हणून तिसऱ्या क्रमांकावर जाऊन आलं होतं. अल्बममध्ये थोडी धांदलही दिसते. 'आय बिफोर ई एक्सेप्ट आफ्टर सी' हा बोलण्याचे तुकडे जोडून केलेला प्रयोग मला आजही अनावश्यक वाटतो. 'इन माय रूम'मध्ये क्लार्क ख्रिस्ती प्रार्थना सपाट आवाजात म्हणतो आणि वर मोये गाते, तिथे तीच कल्पना जमली आहे. मोयेचं 'विंटर किल्स' ऐकलं की कळतं, ही नुसती आणलेली गायिका नव्हती. तिच्याकडे स्वतःचं म्हणणं होतं, आणि ते क्लार्कच्या म्हणण्यापेक्षा बरंच काळोखं होतं.

यश चहूकडून आलं. अल्बम दुसऱ्या क्रमांकावर गेला. डिपेश मोडनं क्लार्कशिवाय केलेला अल्बम पुढच्या महिन्यात आला, तो आठव्यापर्यंत. अमेरिकेत 'सिच्युएशन' हे गाणं, जे ब्रिटनमध्ये 'ओन्ली यू'च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला होतं, फ्रँस्वा केव्होर्कियनच्या रीमिक्समुळे डान्स चार्टवर पहिलं आलं. १९८३ च्या ब्रिट पुरस्कारांत याझूला सर्वोत्तम नवोदित ब्रिटिश कलाकाराचा मान मिळाला.

फट कुठे पडली

१९८२ च्या शरदात दौरा झाला. मग 'द अदर साइड ऑफ लव' हा सिंगल आला आणि तेराव्या क्रमांकावर थांबला. चारही सिंगलमधला सगळ्यांत कमजोर, आणि ऐकतानाही तो घाईत केल्यासारखा वाटतो.

या काळात क्लार्क पुन्हा त्याच जात्यात सापडला होता ज्यातून तो वर्षभरापूर्वी निसटला होता. मुलाखती, दूरदर्शन, दौरा. फरक एवढाच की डिपेश मोडमध्ये हे ओझं चौघांत वाटलं जायचं, इथे दोघांत. मोयेचीही अवस्था सोपी नव्हती. काही महिन्यांपूर्वी ती पबमध्ये गात होती. आता एकविसाव्या वर्षी देशभर तिचा चेहरा ओळखला जात होता, आणि तिच्या दिसण्यावर वर्तमानपत्रं वाटेल ते लिहीत होती. दोघंही बुजरे. क्लार्क अडचण आली की गप्प होणारा. मोये बुजरेपणा आक्रमक वागण्याआड झाकणारी. हे दोघांनी नंतरच्या मुलाखतींत स्वतःच सांगितलं आहे. कधी निवांत बसून बोलणं झालंच नाही.

पहिल्या अल्बमनंतर क्लार्कला थांबायचं होतं. दुसरा अल्बम करावा म्हणून त्याची समजूत घालण्यात आली आणि तो तयार झाला. पण 'यू अँड मी बोथ' ज्या रीतीनं बनला त्यातच शेवट लिहिलेला दिसतो. दोघं बहुतेक वेळा स्टुडिओत वेगवेगळ्या वेळी येत. एकानं आपलं काम करून जायचं, मग दुसऱ्यानं यायचं. 'हॅपी पीपल' हे गाणं गायला मोयेनं नकार दिला, म्हणून ते क्लार्कनं स्वतः गायलं.

असं असूनही, किंवा कदाचित म्हणूनच, हा अल्बम मला पहिल्यापेक्षा उजवा वाटतो. धांदल गेली आहे. जवळपास निम्मी गाणी मोयेची आहेत आणि ती ऐकताना तिचा हात स्थिर झाल्याचं जाणवतं. 'नोबडीज डायरी' तिनं किशोरवयात लिहिलेलं गाणं, आणि याझूच्या तीन मोठ्या यशांपैकी ते एकटंच तिचं. 'ओड टू बॉय' तिला इतकं जवळचं होतं की १९९४ च्या 'एसेक्स' या आपल्या अल्बमवर तिनं ते पुन्हा घेतलं. 'मिस्टर ब्लू'मध्ये क्लार्कनं आजवर केलेल्या सगळ्यांत संयत कामांपैकी एक सापडतं. हा अल्बम तेव्हा एकदाही रंगमंचावर वाजला नाही, कारण तो येईपर्यंत वाजवायला बँडच नव्हता.

मोये दुखावली गेली. क्लार्क का गेला हे तिला नीट कळलंच नाही, आणि ही सल पुढची कित्येक वर्षं राहिली. विचार केला तर इथे जोडीच्या रचनेचाही दोष आहे. चौघांच्या बँडमधून एक गेला तरी तिघं उरतात. डिपेश मोड क्लार्कनंतर संपला नाही, वाढतच गेला. चौघांत एकाचा निरोप दुसऱ्याला पोहोचवणारा तिसरा असतो, कोणीतरी समजूत घालतं, मतदान तरी होतं. दोघांत एकाचं गप्प बसणं म्हणजे सगळाच संवाद बंद. आणि म्यूटसारख्या छोट्या, मैत्रीवर चालणाऱ्या कंपनीत, जिथे डिपेश मोडशी असलेला करारसुद्धा लेखी नव्हता, 'पुढचे सहा महिने कोणी काही करायचं नाही' असं ठणकावून सांगणारं खातं नव्हतं. ज्या मोकळेपणामुळे एका टेपचा बँड काही आठवड्यांत उभा राहिला, तोच मोकळेपणा त्याला सांभाळायला अपुरा पडला.

इरेजरशी तुलना

माझ्या म्हणण्याचा सगळ्यांत भक्कम पुरावा क्लार्कच्याच पुढच्या आयुष्यात आहे.

याझूनंतर त्यानं रॅडक्लिफबरोबर द असेंब्ली नावाचा प्रकल्प काढला. दर गाण्याला नवा गायक घ्यायचा, असा बेत होता. आपल्याकडे सिनेसंगीतात हेच रोजचं आहे, संगीतकार गाण्याला शोभेल तो आवाज बोलावतो आणि काम झालं की दोघं आपापल्या वाटेनं जातात. क्लार्कचा पिंड अशाच संगीतकाराचा होता, पण ब्रिटिश पॉपला बँड हवा असतो, त्याचे चेहरे हवे असतात. फर्गल शार्कीनं गायलेलं 'नेव्हर नेव्हर' १९८३ अखेरीस चौथ्या क्रमांकावर गेलं आणि बेत तिथेच थांबला.

१९८५ मध्ये क्लार्कनं पुन्हा 'मेलडी मेकर'मधल्या जाहिरातीतून गायक निवडला. तो अँडी बेल, आणि या नव्या जोडीचं नाव इरेजर. बेल मोयेचा भक्त होता आणि सुरुवातीच्या गाण्यांत ते स्पष्ट ऐकू येतं. म्हणजे वाद्यं तीच, गीतकार तोच, आवाजही त्याच घराण्यातला. आणि तरी इरेजर दशकानुदशकं चालला.

फरक मला एका ठिकाणी दिसतो. इरेजरचे पहिले तीन सिंगल पडले. 'वंडरलँड' हा पहिला अल्बम १९८६ मध्ये आला, तो एकाहत्तराव्या क्रमांकापलीकडे गेला नाही. दोन अल्बम वरच्या दोन क्रमांकांत पोहोचवणाऱ्या माणसासाठी ही नामुष्कीच. पण त्या दीड-दोन वर्षांत दोघं लहान जागी कार्यक्रम करत हिंडले, एकत्र प्रवास केला, एकत्र गाणी लिहायला लागले. ऑक्टोबर १९८६ मध्ये 'समटाइम्स' दुसऱ्या क्रमांकावर गेलं तेव्हा ते एकमेकांना पुरते ओळखत होते. लोकांसमोर उभं राहायचं काम बेलनं आनंदानं अंगावर घेतलं होतं आणि क्लार्कला मागे यंत्रांपाशी राहता येत होतं. याझूला हा अपयशाचा काळ मिळाला नाही. त्यांचं पहिलंच गाणं दुसऱ्या क्रमांकावर गेलं.

मोयेचं एकटीचं यश तर लगेच आलं. १९८४ चा 'आल्फ' अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, आणि सर्वोत्तम ब्रिटिश गायिकेचा ब्रिट पुरस्कार तिनं १९८५ आणि १९८८ असा दोनदा घेतला. तिला पॉप गायिका म्हणून घडवू बघणाऱ्या मोठ्या कंपनीशी तिचे खटके उडत राहिले, पण ते वेगळं प्रकरण आहे.

मागे काय उरलं

'सिच्युएशन' अमेरिकेतल्या क्लबांत वर्षानुवर्षं वाजत राहिलं. त्या गाण्याच्या सुरुवातीला मोये हसते. तेच हसू १९९६ मध्ये जगभर गाजलेल्या 'माकारेना'च्या रीमिक्समध्ये घेतलं गेलं होतं. आपल्याकडेही लग्नांत आणि गॅदरिंगमध्ये त्या गाण्यावर नाचलेल्या पिढीनं याझूची गायिका ऐकली आहे, फक्त ती कोण हे तिला माहीत नव्हतं.

२००८ मध्ये इरेजरला विश्रांती होती आणि मोयेनं विचारलं. क्लार्क हो म्हणाला. पंचवीस वर्षांनी याझू पुन्हा ब्रिटन, युरोप आणि अमेरिकेत रंगमंचावर आला, आणि 'यू अँड मी बोथ'मधली गाणी दोघांनी मिळून श्रोत्यांसमोर पहिल्यांदा वाजवली. मोयेसाठी या दौऱ्याचं मोठं कारण तेच होतं, की ती गाणी तिनं क्लार्कबरोबर रंगमंचावर कधी गाऊन पाहिलीच नव्हती. त्या दौऱ्याच्या ध्वनिमुद्रणात तिचा आवाज पूर्वीपेक्षा खाली गेलेला आहे, आणि 'नोबडीज डायरी'ला तो मूळच्यापेक्षाही जास्त शोभतो.

मे २०११ मध्ये म्यूटच्या महोत्सवात लंडनच्या राउंडहाऊसमध्ये दोघं आणखी एकदा एकत्र उभे राहिले. तिसरा अल्बम झाला नाही. क्लार्कनं २०२३ मध्ये पहिल्यांदाच फक्त स्वतःच्या नावानं अल्बम काढला, तोही म्यूटकडूनच. मोयेनं त्याच वर्षी ब्रायटन विद्यापीठातून छापचित्रकलेची पदवी घेतली आणि २०२४ मध्ये एकटीच्या चाळीस वर्षांतली निवडक गाणी 'की' या अल्बमसाठी नव्यानं गायली.